कुमुदवहिनींची रेकॉर्ड

वीज गेली तेव्हा याळगी मास्तर पिशवीतून रेकॉर्ड काढत होते.

"घ्या! मास्तरांचा पायगुण," सडेकर म्हणाले. "अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःची रेकॉर्ड आणली, आणि लाईट गेली."

"पायगुण कसला? बाहेर वारा बघा की," डॉक्टर हेरेकर म्हणाले आणि माडीच्या खिडक्या लावायला उठले.

बेळगावात टिळकवाडीला डॉक्टरांच्या माडीवर एक रविवार सोडून एक रविवार, दुपारी चार वाजता, आम्ही पाच-सहा जण जमायचो. मंडळाला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती. डॉक्टर एकेकाकडे बघून विचारायचे, "पंधरवड्यात काय ऐकलं?" मग ज्यानं त्यानं सांगायचं. अट एकच होती. रेकॉर्डच्या दोन्ही बाजू, मध्ये न उठता, ऐकलेल्या असल्या पाहिजेत. अर्धवट ऐकलेल्यावर कुणी बोलायचं नाही. सगळ्यांचं सांगून झालं की एक रेकॉर्ड लावायची, आणि जाताना ज्याची पाळी असेल त्यानं ती घरी न्यायची. पुढच्या खेपेला त्यानं तिच्याविषयी सांगायचं. सडेकर रेडिओ दुरुस्त करायचे. माझा प्लेअर त्यांनीच दुरुस्त केला होता आणि त्यांनीच मला तिथं नेलं होतं. मी शहापुरात ब्लाउज शिवणारी बाई. एवढ्या जाणत्या माणसांत काय बोलणार असं वाटायचं. पण माझ्या हळू आवाजातलं बोलणंही ती माणसं मान पुढं करून ऐकायची.

"मास्तर, पंधरवडा?" डॉक्टरांनी अंधारातच विचारलं.

"काही ऐकलं नाही," मास्तर म्हणाले. "नुसती आणलीय."

शकूवहिनींनी, डॉक्टरांच्या पत्नीनं, कंदील आणून ठेवला. त्या उजेडात मास्तरांनी रेकॉर्ड मांडीवर धरली. निळसर कव्हर, कडा पिवळ्या पडलेल्या. वर एका बाईचा फोटो. नाकात मोत्याची नथ, आणि फोटोवाल्यानं 'हलू नका' म्हटल्यावर माणूस बसतं तशी बसलेली. खाली लिहिलं होतं, कुमुद याळगी.

मास्तर चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. बायको फार पूर्वी वारली आणि मुलगी इंदुरात मावशीकडं वाढली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. बायको गात होती हे अकरा वर्षांत त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"हुबळीच्या एका हौशी माणसानं कंपनी काढली होती," मास्तर म्हणाले. "दोनशे छापल्या. कंपनी बुडाली आणि वर्षभरात ही गेली. वैजू दोन वर्षांची होती तेव्हा. एकवीस वर्षं मी ही उघडली नाही."

"मग आत्ता?" सडेकरांनी विचारलं. त्यांच्या आवाजातली चेष्टा गेली होती.

"वैजूचं पत्र आलंय. जावयांना कॅनडात नोकरी लागली. जायच्या आधी दिवाळीला येते म्हणाली. लिहिलंय, आईचा आवाज एकदा ऐकायचाय. तिला माहीत नाही आवाज." ते थांबले. "मला एकट्याला लावायचा धीर होईना. म्हटलं, इथं तुमच्यात बसून ऐकू. तर ही लाईट."

"द्या माझ्याकडं, टेप करून ठेवतो," सडेकर म्हणाले. "मशीनचं हेड हुबळीला गेलंय तेवढं येऊ दे. आठ दिवस."

मास्तरांनी रेकॉर्ड त्यांच्याकडं अर्धी पुढं केली. आणि मी म्हणाले, "पाळी माझी आहे."

का म्हणाले? पाळी माझी होती हे खरं. पण त्या बाईचा फोटो बघितल्यापासून मला ती रेकॉर्ड हवीशी झाली होती, हेही खरं.

सडेकर हसले. "अक्का कधी नव्हे ते भांडल्या! न्या, न्या. तुमच्यानंतर मी."

मास्तरांनी रेकॉर्ड माझ्या हातात दिली आणि लगेच सोडली नाही. "गोदाक्का, एक काम करा. दुसऱ्या बाजूला शेवटचं भजन आहे. ते सुरू व्हायच्या आधी ती हसते. थोडंसंच. ध्वनिमुद्रणवाल्यानं काढायचं राहून गेलं. का ते माझ्याच मनातलं आहे, एवढ्या वर्षांत मला कळेनासं झालंय. तुम्ही ऐकून मला सांगा."

"सांगते," मी म्हणाले.

आषाढी पाच दिवसांवर होती. मी ठरवलं, एकादशीच्या दिवशी निरशनानं, पूजा झाल्यावर ऐकायची. तोवर ठेवायची कुठं? आमच्या दोन खोल्या, त्यात शिवणाचा पसारा, ह्यांच्या वखारीतला भुसा कपड्यांबरोबर घरात यायचा. देवघराच्या वर भिंतीत एक अरुंद फळी होती. तिच्यावर लाल कापडात पोथी असायची, आणि तिथं आंघोळ केल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मी रेकॉर्ड लाल कापडात गुंडाळली आणि पोथीखाली ठेवली. पोथी फळीवर मावायची. रेकॉर्ड चार बोटं पुढं आली. खाली वीतभर अंतरावर नंदादीप होता. चातुर्मासाचा म्हणून मी तो दरवर्षी आषाढीला लावत असे आणि कार्तिकीपर्यंत विझू देत नसे. इतकी वर्षं पोथीला कधी काही झालं नव्हतं.

एकादशीला पहाटे दिवा लावला, आणि दुपारच्या आत माझी बाजूला बसायची वेळ आली. चार दिवस देवाकडं बघायचंही नाही. दिव्याचं ह्यांना सांगितलं.

"विझला तर माझ्या नावानं खडे फोडशील," हे म्हणाले.

"विझू देऊ नका म्हणजे झालं."

ह्यांना देवधर्माचं फारसं नव्हतं. पण माझ्या व्रताला त्यांच्या हातून बट्टा लागू नये म्हणून त्यांनी वात दुप्पट जाड केली, आणि पणती काढून मोठं निरांजन ठेवलं. चार दिवस ज्योत चांगली उंच तेवत होती. मी पडवीत बसून तिचा उजेड भिंतीवर बघायची आणि मला बरं वाटायचं.

पाचव्या दिवशी न्हाऊन फळीवर हात घातला, तर कापड गरम होतं.

पुढं आलेली कड विड्याच्या पानासारखी खाली मुडपली होती. मी ती जमिनीवर ठेवली तर डुगडुगायला लागली. तेव्हाच सडेकरांकडं गेले असते तर! दोन जाड काचांमध्ये धरून वाकलेली रेकॉर्ड हळूहळू सरळ करतात, ते त्यांना येत होतं, हे मला नंतर कळलं. पण मी शिवणकाम करणारी. सुरकुती दिसली की मला इस्त्री आठवते. ओलं फडकं घातलं, इस्त्री कोमट केली आणि कडेवरून फिरवली. कड बसली असं वाटलं. म्हणून सगळीवरून फिरवली. उलटून दुसऱ्या बाजूनंही.

फडकं उचललं तेव्हा रेकॉर्ड सपाट झाली होती. आरशासारखी चकचकीत. मी प्लेअरवर लावली. सुई कडेवर ठेवली ती एकही अक्षर न बोलता घसरत मध्यापर्यंत गेली. तिथं, अगदी लेबलाच्या जवळ, चार-पाच वेळा तंबोरा वाजला आणि थांबला. दुसरी बाजू लावली. तिथं तेवढंही नव्हतं.

हे जेवायला आले तेव्हा मी तिथंच बसलेली होते. सगळं सांगितलं.

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "वात मी मोठी केली. मी जाऊन सांगतो मास्तरांना."

"नको. मी सांगते. रविवारी."

"रविवारी कशाला? आज सांग."

"रविवारी सगळ्यांसमोर सांगते. तिथलंच आहे ते."

"सांग म्हणजे झालं," हे म्हणाले. "माणूस भला आहे. रडेल, पण मारणार नाही तुला."

रविवारी मी वेळेआधीच गेले. वाटेत वाक्य पाठ करत होते. मास्तर, माझ्या हातून मोठा अपराध झाला. एवढंच. पुढचं आपोआप आलं असतं. डॉक्टरांचा जिना चढले आणि वर दारातच मास्तर उभे. त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता.

"ऐकलीत?" त्यांनी विचारलं. "हसते का?"

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य बाहेर आलंच नाही. मी हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मान खाली घातली आणि रडू दाबायला बोट ओठांवर ठेवलं.

मागून शकूवहिनी चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. त्या थबकल्या. "अगंबाई! मौन घेतलंत? चातुर्मासाचं?"

मास्तरांचा चेहरा बदलला. ते दोन पावलं मागं सरकले, देवळात कुणाची प्रदक्षिणा आडवी आली की सरकतो तसे.

"चार महिने?" शकूवहिनींनी विचारलं.

मी मान हलवली.

"धन्य आहे बाई तुमची," त्या म्हणाल्या. "आम्हाला चार तास जमायचं नाही."

"तुम्हाला चार मिनिटं जमू दे, मी मंदिर बांधतो," डॉक्टर आतून म्हणाले. सगळे हसले. मी आत जाऊन माझ्या जागेवर बसले.

सडेकरांनी डॉक्टरांच्या नातीची पाटी आणून दिली. "अक्का, निदान लिहून सांगा की. कशी आहे रेकॉर्ड?"

पेन्सिल हातात घेतली. मास्तर माझ्याकडं बघत होते. मी लिहिलं, 'कार्तिकीला सांगेन.'

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "असलं पाटीवर लिहून सांगायचं नसतंच. तोंडानंच सांगा. मी थांबतो. एवढी वर्षं थांबलो, चार महिन्यांचं काय? आणि सडेकर, तोवर ती त्यांच्याकडंच राहू द्या. त्या घरात ती सुखरूप आहे."

घरी आले तर हे दारातच. "काय म्हणाले?"

मी ओठांवर बोट ठेवलं. ह्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते माझ्याकडं नुसते बघत राहिले. मी देवापुढं बसले, पळीभर पाणी घेतलं आणि मौनाचा संकल्प सोडला. म्हणजे मी खोटं बोलले असं व्हायला नको.

"हे बरं आहे," हे मागून म्हणाले. "देवाला पण कामाला लावलंस."

मौन मी मोडलं नाही. ब्लाउजाला येणाऱ्या बायकांशी पाटीवर बोलायची. मापं बोटांनी दाखवायची. बायका माझ्या पाया पडायला लागल्या. एकीनं तापकरी लेकराला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. रात्री हे बोलायचे, मी ऐकायची. श्रावणात ते रोज सांगायचे, गोदे, सांगून टाक. भाद्रपदापासून सांगायचे थांबले.

गणपती झाल्यावरचा रविवार. सगळ्यांचे पंधरवडे सांगून झाले आणि सडेकर खुर्ची पुढं ओढून बसले.

"मी ऐकलेलं नाही, बघितलेलं सांगतो. चालेल?"

"नियमात नाही," डॉक्टर म्हणाले. "पण सांगा."

"निपाणीला एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडं प्लेअर दुरुस्तीला गेलो होतो. म्हातारा उन्हाळ्यात गेला. हौशी होता. खोलीभर रेकॉर्डी. पोरांना त्यातलं काही नको, प्लेअर तेवढा विकायचाय. रेकॉर्डी भंगारात घालणार म्हणतात, दसऱ्याला घर रंगवायचंय म्हणून. मी जरा चाळल्या. आणि मास्तर, कुमुदवहिनींची एक आहे तिथं. हेच निळं कव्हर. नवी कोरी."

माझ्या मांडीवर पाटी होती.

"आणायची होती की," डॉक्टर म्हणाले.

"थोरला मुलगा घरी नव्हता, त्याला विचारल्याशिवाय देता येईना म्हणाले. मास्तर, सांगत असाल तर परवा परत जातो, घेऊन येतो."

मास्तरांनी जरा विचार केला. मी त्यांच्याकडं बघत होते. पेन्सिल माझ्या बोटांत होती. 'आणा' एवढी दोन अक्षरं. दुसरं काही लिहायची गरजही नव्हती. पण का, असं कुणीतरी विचारलंच असतं.

"नको," मास्तर म्हणाले. "मेलेल्या माणसाच्या घरून मागून कशाला आणायची? आपली आहे की. काय गोदाक्का?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी मान हलवली.

"दुसरी असली तर बिघडतं काय?" सडेकर म्हणाले.

"अहो, दोन घेऊन काय करू? वैजूला एकच आई होती," मास्तर म्हणाले आणि स्वतःच हसले. मग डॉक्टरांनी रेकॉर्ड लावली. कुठली ते मला आठवत नाही.

नऊ दिवस मी तळमळत काढले. दहाव्या दिवशी ह्यांना न सांगता एस.टी.नं निपाणीला गेले. पाटीवर तंबाखूवाल्यांचं घर असं लिहून दाखवत दाखवत ते घर शोधलं. मोठा वाहता रस्ता, दारात चुन्याचे डबे. थोरला मुलगा बाहेर आला. मी पाटीवर लिहिलं, 'रेकॉर्ड.'

"त्या गेल्या, मावशी. परवाच भंगारवाला घेऊन गेला."

'कुठे?' मी लिहिलं.

"कोल्हापूरला पाठवतो म्हणाला. वितळवतात म्हणे." त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं. "बोलता येत नाही काय तुम्हाला?"

मी मान हलवली, कशी ते मलाच कळलं नाही. त्यानं आतून पाणी आणून दिलं. पिऊन परत आले.

पाडव्याला वैजयंती आली. नवमीला, कार्तिकीला दोन दिवस उरले असताना, दुपारी मास्तर तिला घेऊन आमच्याकडं आले. हे वखारीत होते. मी काज करत बसले होते.

मुलगी उंच होती. तिनं चप्पल काढून वाकून नमस्कार केला. "बाबांनी पत्रात किती लिहिलंय तुमच्याविषयी. म्हणाले, आईची रेकॉर्ड एका व्रतस्थ बाईंकडं ठेवली आहे."

मी त्यांना चटई घातली. पाणी दिलं.

"गोदाक्का," मास्तर म्हणाले, "हिचं परतीचं रिझर्व्हेशन उद्याचं निघालं. एकादशीपर्यंत थांबता येत नाही. मी रात्रभर विचार केला. म्हटलं, ऐकवायला बोलावं कुठं लागतं? तुम्ही नुसती लावा. आम्ही ऐकतो. तुमच्या व्रताला धक्का लागत नाही. ते हसण्याचं काय ते आम्हीच ऐकून बघू."

मी उठले. ट्रंकेत सर्वांत खाली, लुगड्यांच्या घडीत, ती ठेवली होती. लाल कापडासकट आणून मास्तरांपुढं ठेवली.

त्यांनी कापड सोडलं. कव्हरवरच्या फोटोवरून अंगठा फिरवला आणि मुलीला दाखवला. "ही बघ. फोटोवाल्यानं अर्धा तास ताटकळत ठेवलं होतं, चिडली होती." मुलगी हसली. मग त्यांनी रेकॉर्ड बाहेर काढली आणि खिडकीच्या उजेडाला तिरकी धरली, रेषा बघायला.

ती उलटली आणि पुन्हा तिरकी धरली.

"बाबा?" मुलगी म्हणाली. "काय झालं?"

"हिच्यावर काही नाही," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. साडेतीन महिन्यांत माझा आवाज माझ्या कानांनी ऐकला नव्हता. निघाला तो म्हाताऱ्या बाईचा वाटला.

"दिव्याच्या आचेनं वाकली. मी इस्त्री केली."

मुलीनं तोंडावर हात ठेवला. मग ती उठली, रेकॉर्ड मास्तरांच्या हातातून घेतली. "लावून तर बघू या. थोडं तरी असेल. लावा ना, मावशी."

मी लावली. सुई घसरत गेली. लेबलाजवळ पोचली आणि तंबोरा वाजला. चार-पाच वेळा. मुलगी प्लेअरशेजारी जमिनीवर बसली होती, कान खाली लावून.

"हे काय आहे?"

"तंबोरा," मास्तर म्हणाले.

"आईच वाजवते?"

"नाही. मी."

तिनं स्वतःच सुई उचलून परत ठेवली. पुन्हा तेवढंच. पुन्हा ठेवली. मास्तर भिंतीकडं तोंड करून बसले होते. सहाव्या-सातव्या वेळेला तिनं प्लेअर बंद केला.

"मावशी, तुम्ही तर ऐकली होती ना? आधी?" ती माझ्याकडं वळली. "मला सांगा. बाबा नीट सांगूच शकत नाहीत, दोन वाक्यं बोलले की थांबतात. तुम्ही लोक ऐकून सांगता ना एकमेकांना? तसं सांगा. आवाज कसा होता? शेवटी ती हसते का?"

मास्तरांनीही मान वळवली.

हो म्हणता आलं असतं. हसते, हळू, श्वास सोडल्यासारखं, असं काहीही सांगता आलं असतं. बापलेकींनी ते जन्मभर जपलं असतं.

"मी ऐकली नाही," मी म्हणाले. "एकदाही नाही. एकादशीला ऐकायची म्हणून ठेवली होती."

"म्हणजे आता कुणीच नाही," मुलगी म्हणाली. ती ते मला म्हणत नव्हती.

बाहेर कल्हईवाला ओरडत गेला. मास्तरांनी रेकॉर्ड कव्हरमध्ये घातली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा गेली.

"केव्हा झालं हे?" त्यांनी विचारलं.

"आषाढात. एकादशीनंतर पाचव्या दिवशी."

त्यांनी मनात काहीतरी जुळवलं. मला वाटलं, आता निपाणी येणार. मी वाट बघत होते. यावी असंच वाटत होतं.

"म्हणजे मौन सुरू झाल्यावर," ते म्हणाले. "एकादशीला मौन घेतलंत आणि नंतर हे झालं. सांगणार कसं तुम्ही? चार महिने हे पोटात घेऊन गप्प बसायचं म्हणजे..." त्यांचा आवाज फाटला. "आणि मी दर पंधरवड्याला समोर बसून तुमच्याकडं हसून बघत होतो. केवढा छळ झाला असेल तुमचा."

मी बोलायला ओठ उघडले. आधी रेकॉर्ड, मग मौन. एवढंच सांगायचं होतं.

"आणि दोन दिवस राहिले असताना आज आमच्यापायी ते मोडलं," मास्तर म्हणाले. त्यांनी हात जोडले होते. "वैजू, यांच्या व्रताला आपल्यामुळं बाध आला. देवाघरची माणसं ही. पिशवीत आणलंय ते काढ. ओटी भर त्यांची."

मुलीनं डोळे पुसले आणि पिशवीतून खण काढला, नारळ काढला, तांदळाची पुरचुंडी सोडली. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिनं तांदूळ ओंजळीत घेतले.

"मला कुणी शिकवलं नाही," ती म्हणाली. "इंदूरची मावशी विधवा होती, तिची कधी भरली नाही. किती वेळा घालायचे?"

मला बोलता येत होतं. मी पदर पसरला, आणि हाताची पाच बोटं तिला दाखवली.